चुकांचा कोट

मास्तर घरी बोलत तेव्हा पुष्कळदा त्यांचा आवाजच येत नसे. ओठ मात्र हलत, प्रत्येक अक्षर वेगळं दिसेल असे हलत. स्वयंपाकघरातून त्यांची बायको म्हणायची, "गिरणी सुटली. आता आवाज काढा." मग ते दचकून आवाज काढत, आणि तो इतका मोठा निघे की समोरच्या घरातली माणसं खिडकीत येत.

ही सवय विणाई खात्याची. तिथे शेकडो माग एकदम खडखडतात. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून मागावरची माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. दोन रांगा पलीकडच्या माणसाला घरची खबर सांगतात, चेष्टा करतात, शिव्याही देतात, आणि आवाज कुणाचाच नसतो. मास्तरांनी आयुष्याचा मोठा भाग त्या खात्यात काढला होता. मंगळवार पेठेतल्या एका भाजीवालीशी ते वांग्याचा भाव ठरवत तोही असाच आवाजाशिवाय. तिचा नवरा गिरणीत होता, त्यामुळे तीही ओठांनीच उत्तर देई. दोघांचं भांडण रंगात आलं की गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी राहत आणि कोण जिंकतंय याचा अंदाज बांधत.

एकोणीसशे तीसच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. मी सोलापुरात एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि मास्तरांच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. मास्तर एका कापड गिरणीत होते. कामगारांना कामाचं शिक्षण देण्यासाठी गिरणीनं त्यांना नेमलं होतं. मुंबईला जाऊन त्यांनी विणकामाची परीक्षा दिली होती, पण त्याबद्दल विचारलं तर म्हणत, "परीक्षा पास झालो. विणायला नंतर शिकलो."

त्यांचा वेश शहरात ओळखीचा होता. सदरा गिरणीच्या कापडाचा, पण नाकारलेल्या कापडाचा. वर्गात शिकणाऱ्यांनी विणलेला सर्वांत वाईट तुकडा ते विकत घेत आणि त्याचा सदरा शिवून घेत. कुठे धागा तुटून रेघ पडलेली, कुठे तेलाचा डाग, कुठे काठ आत ओढलेला. रस्त्यात कुणी विद्यार्थी भेटला की ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत आणि विचारत, "खांद्याखाली काय दिसतंय?" त्यानं दोषाचं नाव आणि कारण सांगितल्याशिवाय ते वळत नसत. एकदा सिद्धेश्वराच्या तळ्यावर सासरेबुवांबरोबर आलेल्या एका नव्या जावयाला त्यांनी असंच थांबवलं होतं. जावयाला उत्तर आलं नाही. सासऱ्याला आलं, तोही त्याच खात्यात होता. पुढे वर्षभर त्या जावयाला सासरी चैन पडलं नाही.

कानावर कारकून पेन्सिल ठेवतो तसा मास्तरांच्या कानावर तारेचा एक बारीक आकडा असे. त्या काळी विणकर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून बाहेर काढत. दिवसभरात कितीतरी वेळा, आणि एकाचा धोटा दुसऱ्यानं. खोकला एका मागावरून दुसऱ्या मागावर जायचा तो असा. मास्तर प्रत्येक विद्यार्थ्याला तारेचा आकडा स्वतः वाकवून देत. "तोंड बोलायला ठेवा," ते म्हणत. "अर्थात आवाज न करता."

वर्ग सुरू झाला तेव्हा त्याला कुणी येत नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी फाटकावर नोटीस लावली: दुपारच्या सुट्टीनंतर अर्धा तास, गिरणीच्या वेळेत, विणकरांनी वर्गास हजर राहावे. नोटिशीखाली उभं राहून माणसं विडी ओढत आणि कामावर जात. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुंभारीहून रोज चालत येणारा सिद्राम नावाचा तरुण विणकर ते सगळ्यांच्या वतीनं बोलला.

"मास्तर, आमाला विणाया येतंय की. न्हाय आलं तर कापड बाजारात जातंय कसं?"

"येतंय," मास्तर म्हणाले. "पण माग बिघडला की तू हात बांधून उभा राहतोस. तो नीट करायला जॉबर येईपर्यंत तुझं काम बंद. तो कधी येणार हे त्याच्या मर्जीवर. बरोबर?"

"व्हय. ते तर हायेच."

"त्याची मर्जी मी तुझ्या हातात देतोय."

सिद्रामला हे पटलं. बाकीच्यांना नाही. मॅनेजरसाहेबांनी मग गैरहजर राहणाऱ्याला दंड करण्याची सूचना केली. मास्तर त्यांच्या केबिनमधून बाहेर आले, फाटकाशी गेले आणि त्यांनी नोटीस उतरवून घडी करून खिशात घातली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "दंड करून बोलावलेला माणूस हजर राहतो, शिकत नाही." हे वाक्य आवाजासकट बोलले.

पुढच्या रविवारी सकाळी ते डोक्याला फेटा बांधून, हातात पितळी वाटी घेऊन निघाले. वाटीत कुंकू लावलेले तांदूळ होते. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं द्यायला घरोघर जाऊन अक्षत देतात, तसे मास्तर वर्गाची अक्षत द्यायला निघाले होते. मुसलमान विणकरांच्या घरांसाठी वेगळी पानसुपारी घेतली होती. संपादकांनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं. त्यांचा अंदाज होता की दोन-तीन घरांत हसू झालं की मास्तर परत फिरतील आणि आम्हाला एक गमतीची बातमी मिळेल.

हसू झालं. एका घरात म्हातारीनं विचारलं, "पोरगी कुनाची?" मास्तरांनी गंभीरपणे सांगितलं, "पोरगी न्हाय आजी, माग हाय. तुमच्या लेकाशी जमवायचाय." दुसऱ्या एका घरात जॉबरचा मेहुणा निघाला. तो म्हणाला, "नक्को मास्तरसाब, सीखके क्या करना जी? जॉबर है ना." मास्तरांनी पानसुपारी त्याच्या हातावर ठेवली आणि त्यांचे नुसते ओठ हलले. मेहुणाही विणकर होता. त्याला ते वाचता आलं आणि तो लाल झाला. काय म्हणालात, असं मी रस्त्यात विचारलं. मास्तर म्हणाले, "छापता येणार नाही."

पण अक्षत हातावर पडली की तिला मान असतो. ती खाली टाकत नाहीत. दारात येऊन कुणी अक्षत दिली आणि आपण गेलो नाही, तर चार माणसांत विचारणा होते. गिरणीच्या नोटिशीला ज्यांनी दाद दिली नव्हती ती माणसं वाटीतल्या चिमूटभर तांदळांनी अडकली.

फक्त एका दारात मास्तरांना थांबावं लागलं. ते नरसय्याचं घर. नरसय्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकर वस्तीत राहायचा. त्याचे दोन माग सिद्रामच्या दोन मागांना लागून होते. अक्षत घ्यायला त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती तेलुगूत बोलत होती, मास्तर तेलुगूतच उत्तर देत होते, आणि नरसय्या मला हळू आवाजात मराठीत सांगत होता.

"ती म्हणते, दुसऱ्या गावच्या गिरण्यांत असं शिकवलं आणि मग एका माणसाला दोनाचे चार माग दिले. शेजारचा माणूस घरी गेला. ती म्हणते, शिकणारा सिद्राम असला तर शेजारचा माणूस म्हणजे मी."

"मास्तर काय म्हणतात?"

"गप हायेत."

 मग मास्तरांनी वाटी खाली ठेवली आणि ते मराठीत बोलले, बहुधा मलाही ऐकू यावं म्हणून. "माझ्या वर्गात शिकलेल्या माणसामुळं शेजाऱ्याचा माग जाणार नाही. जायची वेळ आली तर आधी मी जाईन. अक्षत माझ्या हातची आहे. मांडवात बोलावून कुणाचं ताट मी काढून घेत नाही."

नरसय्याच्या बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं नवऱ्याला सरकवून स्वतःच हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मॅनेजरसाहेबांना हा शब्द सांगितला. साहेब म्हणाले, "अर्थातच." हा तपशील मास्तरांनी मला त्याच दिवशी सांगितला होता.

वर्ग भरू लागला. जागा कमी पडली तेव्हा माणसं गाठोड्यांवर बसू लागली. मास्तरांची शिकवण्याची रीत उलटी होती. चांगलं कापड कसं असतं हे ते कधीच सांगत नसत. ते चुका शिकवत. पहिला धडा, माग थांबवून परत सुरू करताना पडणारी जाड पट्टी. दुसरा, तुटलेल्या धाग्याची लांब रेघ. तिसरा, आत ओढला गेलेला काठ. चौथा, धागे न गुंतता वर तरंगतात ते जाळं. शेवटचा तेलाचा डाग, कारण तो मागाचा दोष नसतो, हाताचा असतो. प्रत्येक चूक विद्यार्थ्यानं आधी मुद्दाम करून दाखवायची, मग ती होऊ द्यायची नाही. "ज्याला चूक करता येत नाही त्याला ती टाळताही येत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते यावर मुंबईच्या परीक्षकांशीही भांडले होते.

सिद्राम सर्वांत पुढे गेला. जॉबरला न बोलावता तो स्वतःचा बिघडलेला माग नीट लावू लागला. मग नरसय्याचाही लावून देऊ लागला. नरसय्याही शिकला, हळूहळू, आणि एकदा त्यानं मास्तरांच्या पाठीवरचा असा एक दोष दाखवला जो खुद्द मास्तरांच्या नजरेतून सुटला होता. मास्तरांनी त्या दिवशी घरी जिलबी आणली.

मग मॅनेजरसाहेबांनी वर्तमानपत्रांना बोलावणं पाठवलं. गिरणीची मालक मंडळी मुंबईहून येणार होती. त्यांच्यासमोर शिक्षण घेतलेला एक विणकर चार माग चालवून दाखवणार होता. विणकराचं नाव सिद्राम. माग त्याचे दोन आणि शेजारचे दोन.

त्या सकाळी मी फाटकाशी पोचलो तेव्हा मास्तर आणि सिद्राम भिंतीशी उभे होते. सिद्रामनं स्वच्छ धोतर नेसलं होतं. आकडा कानावर होता, मास्तरांसारखाच.

"साहेबानं पगार वाढवतो म्हटलंय," सिद्राम म्हणाला. "पण त्याच्यासाठी न्हाय मास्तर. मला येतंय. चार माग येत्यात मला. तुमीच शिकवलंय की."

"येतात. मला ठाऊक आहे."

"मग? कुनी बगितलंच न्हाय तर शिकून काय उपेग?"

 सिद्राम खाली बघत पुढं म्हणाला, "नरसय्याचं मला कळतंय. पर मी न्हाय म्हनलो तर मला काडत्यात. हो म्हनलो तर त्याला. तुमी सांगा, मी कुनीकडून मरू?"

"तू मागाशी जा," मास्तर म्हणाले. "सुरू मात्र करू नकोस."

मालक मंडळी खात्यात आली. कानात कापूस घातला होता. मॅनेजरसाहेब हातवारे करून समजावत होते. नरसय्याला त्याच्या मागांपासून दूर, खांबाला टेकून उभं केलं होतं, हात मागे बांधून. आसपासच्या रांगांतले माग चालू होते, म्हणजे नेहमीचा खडखडाट होताच. सिद्राम चार थांबलेल्या मागांच्या मध्ये उभा होता आणि त्याचा हात माग सुरू करायच्या दांडीवर होता.

मास्तर आत गेले, त्यांनी सिद्रामचा हात दांडीवरून काढला आणि त्याला खांद्यानं बाजूला, नरसय्याच्या खांबाकडे सारलं. मॅनेजरसाहेब पुढे सरसावले. मास्तरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मालकांना नमस्कार केला. सगळ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की शिक्षक स्वतःच दाखवणार आहे. मालकांपैकी एकानं मान डोलावली. त्यानंतर मॅनेजरसाहेबांना काही करता येईना.

मास्तरांनी चारही माग सुरू केले. त्यांच्या कापडात दोष निघाल्याचं खात्यातल्या कुणाला आठवत नव्हतं. ते शांतपणे एका मागाकडून दुसऱ्याकडे फिरत होते, धोट्यातली कांडी बदलत होते, धागा आकड्यानं ओढत होते. काही वेळानं त्यांनी पहिला माग थांबवला आणि परत सुरू केला. कापडावर जाड पट्टी उमटली.

खांबाजवळून सिद्रामचे ओठ हलले. मला तोपर्यंत थोडंफार वाचता येऊ लागलं होतं. तो म्हणत होता, "पहिला धडा."

दुसऱ्या मागावर एक धागा तुटला. मास्तर तिथेच होते, त्यांनी तो जोडला नाही. लांब रेघ पुढे पुढे जात राहिली. आता पलीकडच्या रांगेतलेही ओठ हलत होते: "दुसरा." काठ आत ओढला गेला. "तिसरा." जाळं तरंगू लागलं. खातंभर माणसं आपापल्या मागावर काम करत होती आणि मान न वळवता एकाच वेळी तोच शब्द बोलत होती. मालकांच्या कानात कापूस होता, पण नसता तरी फरक पडला नसता. ते फक्त कापड बघत होते, आणि त्यांचे चेहरे उतरत होते.

शेवटी मास्तरांनी तेलाच्या डबीत बोट बुडवलं आणि चौथ्या मागाच्या कापडावर ते ठेवलं, अंगठा उमटवावा तसं, सावकाश. नरसय्या तेव्हा खांबापासून पुढे आला होता. त्याचे हात आता मागे नव्हते. तो तेलुगूत काहीतरी म्हणाला. ते मला वाचता आलं नाही.

मालक मंडळी जेवायला गेली ती परत खात्यात आली नाही.

मॅनेजरसाहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. वर्तमानपत्राच्या माणसाला बाहेर थांबायला सांगायचं भान त्यांना राहिलं नाही.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत," साहेब म्हणाले.

"हो. मुद्दाम."

साहेबांना नकाराची अपेक्षा होती. ते थोडे अडखळले. "तोंडावर कबूल करता?"

"साहेब, आज मी जे दोष ठरवून केले ते चार मागांमागं दिवसभर पळणारा माणूस न ठरवता करील. कापडाला दोहोंतला फरक कळत नाही."

"मी उद्या परत प्रयोग ठेवीन. सिद्रामला उभा करीन."

"ठेवा. मालकांना सांगावं लागेल की कालचा तमाशा तुमच्याच शिक्षकानं केला. सांगाल?"

 त्यावर साहेबांनी मास्तरांना नोकरीवरून कमी केल्याचं सांगितलं. मास्तर म्हणाले, "ते मी नरसय्याच्या दारातच सांगून आलोय," आणि आजचं कापड विकत मागितलं. असल्या कापडाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच.

माझी बातमी त्या आठवड्यात छापून आली. तिच्यात एक वाक्य असं होतं: चार मागांवर विणलेल्या कापडात सर्व प्रकारचे दोष आढळले. संपादकांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

त्या कापडाचा मास्तरांनी कोट शिवून घेतला. शिंप्यानं डाग आतल्या बाजूला घ्यायचं सुचवलं तेव्हा मास्तरांनी त्याच्याकडून कात्री काढून घेतली होती. तेलाचा ठसा डाव्या छातीवर आला. तो कोट अंगात घालून, फेटा बांधून, वाटी घेऊन ते परत अक्षत द्यायला निघाले. वर्ग आता गिरणीत नव्हता. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, रविवारी सकाळी, एका जुन्या हातमागावर भरणार होता. या खेपेला कुणी हसलं नाही. नरसय्याच्या दारात तर त्यांना वाटी खाली ठेवावीच लागली, कारण आत नेऊन जेवायला बसवलं.

परत येताना ते मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात होते. फेटा आणि वाटी समोर पाहताच, आपल्या भागातल्या कुठल्याही माणसाचा यावा तसा, त्यांचा हात आपोआप पुढे आला. मास्तरांनी त्यावर अक्षत ठेवली.

"हे कशाचं?" साहेबांनी विचारलं.

"वर्गाचं. रविवारी सकाळी."

"आता काय शिकवणार तुम्ही?"

"दोन माग नीट कसे चालवायचे ते."

साहेबांची मूठ मिटली होती. तांदूळ टाकता येत नव्हते आणि ठेवायचे कुठे हेही सुचत नव्हतं. आम्ही फाटकाबाहेर पडून वळून पाहिलं तेव्हाही ते तसेच उभे होते.

त्या गिरणीत चार मागांचा प्रयोग मॅनेजरसाहेब होते तोवर परत झाला नाही. पुढे दुसऱ्या मॅनेजरच्या काळात विषय निघाला तेव्हा कामगारांच्या बाजूनं बोलायला सिद्राम आणि नरसय्या गेले. दोघांनाही आपल्या मागाबद्दल जॉबरला विचारावं लागत नव्हतं, साहेबालाही नाही. तो तंटा लांबला आणि त्याची हकिगत वेगळी आहे.

रविवारचा वर्ग मास्तरांचे हात चालत होते तोवर चालला. विद्यार्थी घोंगड्यांवर बसत. पुढे, हातमागाच्या अगदी जवळ, वेताची एक खुर्ची मांडलेली असे. ती मॅनेजरसाहेबांची. त्यांना अक्षत दिली होती, तेव्हा त्यांची जागा ठेवणं भाग होतं. एखादा नवा माणूस चुकून बसायला गेला की दहाजण ओठांनी त्याला उठवत. मी एकदा मास्तरांना म्हणालो की आता ते येणार नाहीत. मास्तर म्हणाले, "बोलावणं मागं घेतलंय का मी?"

साहेब कधीच आले नाहीत. मास्तर आल्याबरोबर कोट काढायचे आणि त्या खुर्चीच्या पाठीवर, वर्गाकडे तोंड करून टांगायचे. मग आवाज न करता, पण शेवटच्या घोंगडीपर्यंत स्पष्ट दिसेल असं विचारायचे, "पहिली चूक कुठं आहे?"